सिव्हिल थ्रीडीमध्ये रस्त्याचा आडवा छेद आपल्या हिशोबाने कसा बनवायचा? सबअसेंब्ली कंपोझर सोप्या मराठीत

आजचा विषय मोबाईलचा नाही, पण मॅप लावून ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज गाडी हाकता त्या रस्त्याचा नक्की आहे. तुमच्यापैकी बरेच जण डिप्लोमा किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग करत असतील, काही जण नुकतेच एखाद्या डिझाईन ऑफिसमध्ये लागले असतील. आणि जे या क्षेत्रातले नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पावसाळ्यात रस्त्याची कड का खचते याचं एक उत्तर या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर असतं.

मी रस्त्यांच्या डिझाईनचं काम करतो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना सिव्हिल थ्रीडीमध्ये रस्ता 'काढता' येतो. तयार तुकडे जोडायचे, बटण दाबायचं, रस्ता तयार. पण "साइडपट्टीखालची खडी उतारापर्यंत ने आणि पाण्याला वाट दे" असं सांगितलं की गाडी अडते, कारण तसा नेमका तुकडा तयार मिळत नाही. तो स्वतः बनवावा लागतो. तो कसा बनवायचा, हेच आज बघू.

आधी आडवा छेद म्हणजे काय ते बघूया

रस्ता सुरीने आडवा कापला आणि कापलेली बाजू समोरून बघितली, तर जे दिसतं तो क्रॉस-सेक्शन, म्हणजेच आडवा छेद. मधे डांबर, त्याच्याखाली खडीचे थर, दोन्ही बाजूंना मुरमाच्या साइडपट्ट्या, मग उतार, मग गटार किंवा शेत. टेंडरच्या कागदांमध्ये याचं एक पानभर चित्र असतं, त्याला 'टिपिकल क्रॉस-सेक्शन' म्हणतात. गंमत अशी की प्रत्यक्षात रस्ता कुठेच 'टिपिकल' नसतो. कुठे भराव, कुठे कटिंग, कुठे बाजूला विहीर, कुठे कुणाचं घर.

आता सॉफ्टवेअर हे कसं हाताळतं? चकलीचा सोऱ्या आठवा. सोऱ्यात जी चकती घालाल, त्याच आकाराची चकली पडते. हात फिरेल तशी ती वळते, पण तिचा छेद तोच राहतो. सिव्हिल थ्रीडीमध्ये ही चकती म्हणजे असेंब्ली. हात कुठून फिरवायचा ते सांगते अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची मध्यरेषा. हात किती वर-खाली न्यायचा ते सांगते प्रोफाईल. आणि बाहेर पडलेली चकली म्हणजे कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याचं पूर्ण थ्रीडी मॉडेल.

असेंब्ली एकसंध नसते. ती छोट्या तुकड्यांची बनते, त्या तुकड्यांना सबअसेंब्ली म्हणतात. एक तुकडा लेनचा, एक साइडपट्टीचा, एक कर्बचा, एक उताराचा. एकाच्या कडेला दुसरा चिकटवत जायचं. सोऱ्याशी फरक एवढाच की ही चकती हुशार असते. जमीन वर आली की आकार बदलते, खाली गेली की वेगळा आकार घेते. ही हुशारी तिच्यात कुणीतरी घातलेली असते. तयार तुकड्यांमध्ये ती ऑटोडेस्कच्या लोकांनी घातलेली असते, आणि आपल्या तुकड्यात ती आपल्याला घालायची असते.

तयार तुकडे कुठे कमी पडतात?

खरं सांगायचं तर तयार तुकडे वाईट नाहीत. लेनचा जो नेहमीचा तुकडा आहे, त्यात चार थर मिळतात: पेव्ह१, पेव्ह२, बेस आणि सबबेस. आपल्याकडचे बीसी, डीबीएम, डब्ल्यूएमएम आणि जीएसबी हे चार थर त्यात बरोबर बसतात. (बीसी आणि डीबीएम हे डांबराचे थर, डब्ल्यूएमएम म्हणजे पाणी घालून मिसळलेली खडी, आणि जीएसबी म्हणजे सगळ्यात खालचा, पाणी वाहून नेणारा जाड थर.) त्यामुळे जिथे तयार तुकड्यात नुसता आकडा बदलून काम होतं, तिथे नवीन काही बनवू नका. मी स्वतः आधी तयार तुकड्यांची हेल्प फाईल उघडतो. त्यात प्रत्येक तुकड्याची आकृती आणि त्याची 'वागणूक' लिहिलेली असते. पंधरा मिनिटं ती वाचली तर दोन दिवस वाचतात.

दुसरा सोपा मार्ग पॉलीलाइनचा. गटाराचा किंवा डिव्हायडरचा आकार साध्या रेषेने काढायचा आणि 'पॉलीलाइनपासून सबअसेंब्ली बनवा' ही आज्ञा द्यायची. झालं. पण हा आकार दगडासारखा, जमीन बदलली तरी तो बदलत नाही. आरसीसीच्या ठरावीक मापाच्या गटाराला ठीक, उताराला निरुपयोगी.

तिसरा मार्ग थेट प्रोग्रामिंगचा, म्हणजे डॉट नेटमध्ये कोड लिहायचा. कॉम्प्युटरवाल्यांना तो आवडेल, पण साइटवरून आलेल्या इंजिनिअरला तो झेपेलच असं नाही. आणि या दोघांच्या मधे आहे आपला आजचा हिरो: सबअसेंब्ली कंपोझर. हे वेगळं प्रोग्रॅम आहे, पण सिव्हिल थ्रीडीसोबतच मिळतं. यात कोड लिहायचा नसतो, फ्लोचार्ट जोडायचा असतो.

आपलं उदाहरण: खडीतलं पाणी बाहेर काढायचं

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथल्या काळ्या मातीवर ज्यांनी घर बांधलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ही माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. रस्त्याच्या खाली पाणी अडकलं तर आधी कड खचते, मग डांबर आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांची पायरी तयार होते. समोरून ट्रक आला म्हणून दुचाकीवाला कडेला घेतो, चाक त्या पायरीवरून घसरतं, आणि पुढचं तुम्ही पाहिलेलंच असेल.

म्हणून जीएसबीचा थर डांबराच्या कडेलाच थांबवायचा नसतो. तो साइडपट्टीखालून पुढे नेऊन उताराच्या बाहेर उघडा करायचा, म्हणजे आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. तयार तुकड्यांमध्ये सबबेस असा पुढे नेणारा एक शोल्डरचा तुकडा आहे, तो जरूर बघा. पण त्याच्या पुढे लावलेला उताराचा तुकडा 'भराव की कटिंग' हे ठरवताना साइडपट्टीची कड जमिनीच्या वर आहे की खाली, एवढंच बघतो. खडीचं तोंड कुठे उघडतंय हे तो विचारत नाही. खरी गोची इथे आहे.

आकडे घेऊन बघू. समजा बीसी ४० मिमी, डीबीएम ६० मिमी, डब्ल्यूएमएम २५० मिमी आणि जीएसबी २०० मिमी. म्हणजे डांबराच्या कडेला जीएसबीचा तळ वरून ०.५५ मीटर खाली. मुरमाची साइडपट्टी १.५ मीटर, तिला बाहेरच्या बाजूला ३ टक्के उतार. जीएसबीच्या तळाला २.५ टक्के उतार. बाजूचा उतार १:२, म्हणजे १ मीटर खाली जाताना २ मीटर बाहेर. हे सगळं कागदावर मांडलं तर जीएसबीचा तळ डांबराच्या कडेपासून सुमारे २.६४ मीटरवर उताराला भेटतो, आणि तो बिंदू डांबराच्या कडेपेक्षा सुमारे ०.६२ मीटर खाली असतो.

आता या आकड्याकडे नीट बघा. साइडपट्टीची कड जमिनीपेक्षा ४० सेंटीमीटर उंच आहे असं धरा. तयार तुकडा म्हणतो, "वर आहे, म्हणजे भराव, सरळ उतार काढतो." उतार जमिनीला भेटतो आणि काम संपतं. पण खडीचं तोंड तर साइडपट्टीच्या कडेपासून ५७ सेंटीमीटर खाली आहे, म्हणजे जमिनीच्या १७ सेंटीमीटर आत! पाण्याला बाहेर पडायची वाट नाही, उलट शेतातलं पाणी आत यायला दार उघडं. स्क्रीनवर मात्र रस्ता एकदम झकास दिसतो.

आणि जिथे कटिंग आहे तिथे? तिथे तुकडा गटार काढतो. समजा गटाराची खोली साइडपट्टीच्या कडेपासून ६० सेंटीमीटर दिली. खडीचं तोंड ५७ सेंटीमीटरवर आहे. म्हणजे गटाराच्या तळापासून जेमतेम ३ सेंटीमीटर वर. पहिल्या पावसात थोडा गाळ बसला की तोंड बंद.

म्हणून आपल्याला असा तुकडा हवा जो साइडपट्टीच्या कडेला नाही, खडीच्या तोंडाला प्रश्न विचारेल. आणि गटाराची खोली हा ठरावीक आकडा नसेल, ती त्या तोंडावरून मोजली जाईल. चला बनवूया.

कंपोझर उघडल्यावर

स्क्रीनवर पाच भाग दिसतात. डावीकडे टूलबॉक्स, त्यात बिंदू, रेषा, आकार, अटी हे सगळं. मधे फ्लोचार्टची पाटी. त्याच्याखाली प्रॉपर्टीज, म्हणजे निवडलेल्या गोष्टीची माहिती. एका बाजूला प्रिव्ह्यू. आणि सेटिंग्ज-पॅरामीटर्सचा भाग. खिडक्या इकडे-तिकडे ओढता येतात, त्यामुळे तुमच्याकडे जागा थोडी वेगळी दिसली तर गोंधळू नका.

सगळ्यात आधी पॅकेट सेटिंग्जमध्ये तुकड्याला नाव द्या. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्यावं, मी तरी तसंच करतो.

मग इनपुट पॅरामीटर्स. हे म्हणजे मोबाईलच्या ॲपमधल्या सेटिंग्जसारखे. नंतर तुकडा वापरणारा माणूस फ्लोचार्ट उघडणार नाही, तो फक्त हे आकडे बदलेल. आपल्याला हवेत: साइडपट्टीची रुंदी १.५, साइडपट्टीचा उतार उणे ३ टक्के, वरच्या थरांची एकूण जाडी ०.३५, जीएसबीची जाडी ०.२०, जीएसबीचा उतार उणे २.५ टक्के, बाजूचा उतार २:१, गटाराच्या तळाची रुंदी ०.६, आणि खडीच्या तोंडाखाली गटार किती खोल हवं तो आकडा, समजा ०.३. टक्क्यांच्या उतारासाठी 'ग्रेड' हा प्रकार निवडा आणि प्रमाणाच्या उतारासाठी 'स्लोप'. आपण १:२ म्हणतो ते सॉफ्टवेअर २:१ असं लिहितं, इथे बरेच जण अडखळतात. खाली जाणारा उतार असेल तर उणे चिन्ह लागतं हेही विसरू नका.

एक गोष्ट आणखी. कंपोझरला मीटर आणि फूट कळत नाहीत, तो फक्त आकडा घेतो. ड्रॉइंग मीटरमध्ये असताना जीएसबीची जाडी सवयीने २०० लिहिली तर तो २०० मीटर जाड खडी अंथरेल, आणि अजिबात तक्रार करणार नाही.

त्यानंतर टार्गेट पॅरामीटर. इथे एक सरफेस टार्गेट जोडा आणि त्याला 'सध्याची जमीन' अशा अर्थाचं नाव द्या. हेच ते टार्गेट, ज्यामुळे चकती हुशार होते.

बिंदू एकेक करून

आता फ्लोचार्ट. पी१ हा पहिला बिंदू, तो ओरिजिनवर. डांबराची कड जिथे संपते तिथे हा चिकटणार. पी२ साठी प्रकार निवडा 'स्लोप अँड डेल्टा एक्स': पी१ पासून साइडपट्टीच्या उताराने, साइडपट्टीच्या रुंदीएवढं बाहेर. दोघांना जोडणारी रेषा आपोआप काढायला एक टिकमार्क असतो, तो द्या. उजवी-डावी बाजू वेगळी काढायची गरज नाही. आपण उजवीकडचं काढायचं, डावीकडे लावताना सॉफ्टवेअर आरशासारखं उलटं करून घेतं.

आता ऑक्झिलरी पॉइंट, म्हणजे मदतीचा बिंदू. माझ्या मते कंपोझरमधली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. हा बिंदू हिशोबापुरता असतो, अंतिम रस्त्यात दिसत नाही. शाळेत भूमितीत पेन्सिलीने फिकट रेघ मारायचो ना, तसंच. पी१ पासून ०.५५ मीटर खाली एक मदतीचा बिंदू घ्या (आकडा थेट लिहू नका, वरच्या थरांची जाडी अधिक जीएसबीची जाडी असं सूत्र लिहा). तिथून जीएसबीच्या उताराने जाणारी रेष आणि पी२ पासून बाजूच्या उताराने जाणारी रेष, या दोघी जिथे छेदतात तो बिंदू 'इंटरसेक्शन पॉइंट' वापरून काढा. हेच आपलं खडीचं तोंड.

आता अट टाकायची. टूलबॉक्समधून 'डिसिजन' ओढून आणा. त्याला विचारायचं: खडीच्या तोंडापासून जमिनीच्या सरफेसपर्यंतचं उभं अंतर ०.३ पेक्षा जास्त आहे का? यासाठी प्रत्येक बिंदूला 'डिस्टन्स टू सरफेस' असं तयार सूत्र असतं. उत्तर धन आलं तर बिंदू जमिनीच्या वर, ऋण आलं तर जमिनीच्या खाली.

उत्तर 'हो' आलं तर सोपं आहे. तोंड जमिनीच्या चांगलं वर आहे, पाणी आपोआप बाहेर पडेल. पी२ पासून 'स्लोप टू सरफेस' वापरून सरळ उतार जमिनीला भिडवा.

उत्तर 'नाही' आलं तर गटार. पी२ पासून बाजूच्या उतारानेच खाली या, पण किती खाली? खडीच्या तोंडाच्या वाय किमतीतून ०.३ वजा करा, तिथपर्यंत. आपल्या उदाहरणात हा तळ साइडपट्टीच्या कडेपासून सुमारे ८७ सेंटीमीटर खाली येतो. मघाच्या ६० सेंटीमीटरशी तुलना करून बघा. तिथून ०.६ मीटर आडवं, आणि मग 'स्लोप टू सरफेस'ने वर जमिनीपर्यंत. बघा, साइडपट्टी जमिनीच्या ४० सेंटीमीटर वर असली तरी आता गटार येणार, कारण प्रश्न योग्य बिंदूला विचारलाय. उद्या डिझाईनमध्ये डब्ल्यूएमएमची जाडी बदलली तरी फक्त वरच्या थरांच्या जाडीचा आकडा बदलायचा, गटार स्वतःहून खाली-वर होईल.

शेवटी जीएसबीच्या वरच्या आणि खालच्या रेषांमधली जागा 'शेप' म्हणून बंद करा, म्हणजे सॉफ्टवेअरला कळेल की इथे खडी आहे आणि ती मोजायची आहे. शेप बंद करायला वरची रेषही उताराला जिथे भेटते तो बिंदू लागतो. तो याच पद्धतीने काढा.

हाच तर्क पुढे वाढवता येतो. उंच भरावावर, साधारण ३ मीटर किंवा त्याहून जास्त, क्रॅश बॅरिअर लागतो. मग 'हो'च्या फांदीत अजून एक अट टाकायची. पण उंची कुठून कुठपर्यंत मोजायची? नुसत्या पी२ खालच्या जमिनीपासून मोजली तर उतरत्या जमिनीवर फसगत होते, कारण भरावाचा पायथा त्याहून बराच खाली असतो. आधी मदतीच्या बिंदूने पायथा शोधा, मग पी२ आणि पायथा यांच्या वाय किमतीतला फरक तपासा.

कोड: दिसायला क्षुल्लक, पण

बिंदू, रेषा आणि शेप, प्रत्येकाला कोड द्यायचा असतो. कोड म्हणजे नावाची चिठ्ठी. इन्स्टाच्या हॅशटॅगसारखं समजा. सॉफ्टवेअर नंतर सगळं या चिठ्ठ्यांवरूनच शोधतं. 'टॉप' कोडच्या रेषा गोळा करून वरचा पृष्ठभाग बनतो, 'डेटम' कोडच्या रेषांवरून मातीकामाचा पृष्ठभाग. रेषेला कोड नाही दिला तर ती डोळ्यांना दिसते, पण मोजणीत येत नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. ७ मीटर रुंद, १० किलोमीटर लांब रस्त्यात एका थराची जाडी फक्त १ सेंटीमीटर इकडे-तिकडे झाली तर ७०० घनमीटर माल कमी-जास्त होतो. १० ते १२ घनमीटरचा टिपर धरला तर साठ-सत्तर फेऱ्या.

बिंदूंच्या कोडचं अजून एक महत्त्व. सॉफ्टवेअर ठरावीक अंतरावर, समजा दर २० मीटरला, आडवा छेद लावतं आणि शेजारच्या दोन छेदांमधले सारख्या कोडचे बिंदू रेषेने जोडतं. भरावाच्या शेवटच्या बिंदूला एक नाव आणि गटाराच्या शेवटच्या बिंदूला फक्त दुसरंच नाव दिलं, तर जिथे भराव संपून गटार सुरू होतं तिथे ती रेष तुटते. म्हणून दोन्ही शेवटच्या बिंदूंना 'डेलाइट' हा सामाईक कोड द्या, आणि हवं तर जोडीला वेगळा ओळखीचा कोडही द्या. एका बिंदूला एकापेक्षा जास्त कोड चालतात.

"सर, तुकडा बनवला पण सेक्शनमध्ये दिसतच नाही" ही तर नेहमीची ओरड. बहुतेक वेळा तुकडा बरोबर असतो. त्यात वापरलेला नवा कोड सिव्हिल थ्रीडीच्या कोड सेट स्टाइलमध्ये नसतो, एवढंच. तिथे तो जोडा, रंग द्या, दिसेल.

फोनने तपासून बघा

आकडे नुसते स्क्रीनवर राहिले तर डोक्यात बसत नाहीत. फोनमध्ये कोन मोजणारं लेव्हलचं ॲप घ्या, शक्यतो दशांशात कोन दाखवणारं. गल्लीतल्या शांत रस्त्यावर, गाड्या नसताना, एक सरळ फळी रस्त्याला आडवी ठेवा आणि तिच्यावर फोन ठेवा. (हायवेवर हा उद्योग अजिबात करू नका.) २.५ टक्के कॅम्बर म्हणजे जेमतेम १.४ अंश. साइडपट्टीचे ३ टक्के म्हणजे १.७ अंश. बाजूचा १:२ उतार म्हणजे तब्बल २६.६ अंश. ७ मीटरच्या रस्त्यात २.५ टक्के कॅम्बर असेल तर मध्य आणि कड यांच्यात फरक असतो ८७.५ मिमीचा, म्हणजे जवळपास तुमच्या फोनच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त. एवढ्याशा उतारावर सगळं पाणी वाहून जायचं असतं. म्हणूनच दर दोन-चार वर्षांनी जुन्यावरच नवा थर चढवलेल्या गल्ल्यांमध्ये पाणी थेट लोकांच्या उंबऱ्याकडे वळतं.

तुकडा सिव्हिल थ्रीडीत नेताना

कंपोझरमध्ये काम सेव्ह केलं की डॉट पीकेटी फाईल तयार होते. सिव्हिल थ्रीडीच्या इन्सर्ट टॅबमधून ती इम्पोर्ट करायची, मग तो तुकडा टूल पॅलेटवर येतो. नेण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये जमिनीची रेष वर-खाली ओढून बघा. ती माऊसने हलवता येते. खडीचं तोंड जमिनीपासून ०.३ मीटरपेक्षा कमी उंचीवर आल्याक्षणी गटार उगवतं का, हे तिथेच कळतं.

प्रिव्ह्यूमध्ये 'रोडवे' आणि 'लेआउट' असे दोन मोड असतात. लेआउट म्हणजे तुकडा नुसता असेंब्लीवर लावलेला आहे, अजून जमीन जोडलेली नाही. जमीनच नाही तर 'स्लोप टू सरफेस' कुणाला भेटणार? मग अर्धा तुकडा गायब दिसतो आणि वापरणाऱ्याला वाटतं फाईल बिघडली. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच एक अट: लेआउट मोड असेल तर नमुन्याचा एक ठरावीक आकार काढ, नसेल तर खरा हिशोब कर.

वळणाचं काय? वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता करतात, त्याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. आयआरसीच्या ग्रामीण महामार्गांच्या मानकात सपाट भागासाठी त्याची मर्यादा ७ टक्के आहे. आपल्या तुकड्यात आपण साइडपट्टीला कायम उणे ३ टक्के दिलेत. मग वळणाच्या बाहेरच्या बाजूला डांबर ७ टक्के वर चढतंय आणि साइडपट्टी ३ टक्के खाली उतरतेय, म्हणजे मधे १० टक्क्यांचा कणा तयार होतो. अशा भागात साइडपट्टीला सहसा रस्त्याचाच उतार देतात. त्यासाठी कंपोझरमध्ये सुपरएलिव्हेशनचा वेगळा टॅब आहे आणि पॅरामीटरला तसा प्रकारही देता येतो. पण साइडपट्टी उलट कलली की तिच्यावरचं पाणी डांबरावर येतं, हेही लक्षात ठेवून निर्णय घ्या. यावर एक वेगळा लेखच होईल.

तुकड्यात नंतर बदल केला तर फक्त पीकेटी सेव्ह करून भागत नाही. तो पुन्हा इम्पोर्ट करा आणि असेंब्लीवरचा जुना तुकडा काढून नवा लावा. मी प्रत्येक बदलाला नावाच्या शेवटी नवा क्रमांक देतो, म्हणजे कुठल्या ड्रॉइंगमध्ये कुठला तुकडा आहे हे भांडण होत नाही. आणि ड्रॉइंग दुसऱ्याला पाठवताना पीकेटी फाईलही सोबत द्या. व्हॉट्सॲपवर नुसतं ड्रॉइंग टाकून मोकळं होऊ नका.

कॉलेजवाल्यांसाठी: सिव्हिल थ्रीडी फक्त विंडोजवर चालतं, फोनवर किंवा मॅकवर नाही. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कच्या शैक्षणिक योजनेतून ते मोफत मिळतं, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ज्यांच्या ऑफिसमध्ये बेंटलीचं ओपनरोड्स आहे त्यांच्याकडे असेंब्लीऐवजी 'टेम्प्लेट' असतो आणि अटींऐवजी बिंदूंवर 'कन्स्ट्रेंट' लावतात. उतार जमिनीला भिडवायला तिथे 'एंड कंडिशन' असतात आणि त्यांना प्राधान्यक्रम देता येतो: पहिला जमला नाही तर दुसरा. नावं वेगळी असली तरी खडीच्या तोंडाचा हा हिशोब तिथेही जसाच्या तसा चालतो. सुरुवात करायची असेल तर आजच्या लेखातले आकडे घेऊन आधी वहीवर, आलेख कागदावर हा छेद काढा. २.६४ आणि ०.६२ हे आकडे तुमचे तुम्हाला मिळाले की मगच कंपोझर उघडा.